ओढ्याकाठच्या जमिनीचा शब्द

व्हर्ना स्टिडम दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा दरीतल्या लोकांना हळहळ कमी आणि करमणूक जास्त झाली. केंटकीच्या या डोंगरांत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. जन्मभर शाळेची बस चालवून गुडघे गेले, आणि आता या वयात हिला म्हणे घरं-जमिनी विकायचं लायसन्स हवं! तिचा भाऊ ड्वाइट पेट्रोलपंपावर उभा राहून सांगत असे, की आमच्या ताईला बसचा आरसा कळतो, कायदा नाही. हे व्हर्नाच्या कानावर आलं आणि त्याच संध्याकाळी तिने तिसऱ्यांदा परीक्षेची फी भरून टाकली.

बाकी सगळ्या भागांत तिला बरे गुण होते. घोडं पेंड खात होतं ते करारांपाशी. कॉलेजात संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्या रॅटलिफ सरांनी तिच्याकडून सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, तर एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली. जमिनीचा सौदा तोंडी ठरला, हातात हात दिला, कागद काही केला नाही. मग विकणारा फिरला. कोर्ट त्याला जमीन द्यायला भाग पाडेल का? पुस्तक सांगतं, नाही. जमिनीचा सौदा लेखी हवा, आणि ज्याला सौद्याने बांधून घ्यायचं त्याची त्यावर सही हवी. व्हर्ना मात्र दर वेळी ‘भाग पाडेल’ यावर खूण करून मोकळी.

बरं, नियम येत नव्हता असंही नाही. सरांनी विचारल्यावर तिने तो घडाघडा म्हणून दाखवला. अडचण वेगळीच होती, आणि ती तिने वर्ग सुटल्यावर त्यांच्या गाडीपाशी उभं राहून सांगितली.

चर्चच्या जेवणाच्या दिवशी, बीन्स आणि मक्याच्या पावाची ताटं हातात असताना, नवऱ्यामागे राहिलेली ओढ्याकाठची जमीन मिस्टी कॉनलीला देण्याचा शब्द व्हर्नाने दिला होता. मिस्टी लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायची. आता लग्न होऊन भाड्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहत होती आणि स्वतःच्या जमिनीवर घर बांधायचं तिच्या मनात होतं. किंमत ठरली, हात मिळवले, बँकेचं कर्ज झालं की कागद करू असं बोलणं झालं. त्यानंतर लेक्सिंग्टनहून शिकाऱ्यांसाठी लाकडी घरं बांधणारा एक माणूस आला आणि दुप्पट बोलून गेला. तेव्हापासून ड्वाइट रोज तिचं डोकं खात होता, की कागद नाही तर सौदा कसला?

"सर, त्या बरोबर उत्तरावर खूण करायला गेले की वाटतं, मी मिस्टीचा हात सोडतेय," ती म्हणाली.

सरांनी खिशातली पेपरमिंटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "व्हर्ना, परीक्षा एवढंच विचारते, की कोर्ट काय करील. तू काय करशील, हे तुला कुणी विचारलंय?"

"मग ते विचारणार कोण?"

"कुणीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. राग सरांचा नव्हता. त्या दुप्पट आकड्याने तिच्या डोक्यात ठाण मांडलं होतं. त्यात नवं छप्पर होतं, गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. ड्वाइटला ती गप्प बसवायची, पण त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर. आणि कोर्ट भाग पाडेल, असं ती इतक्या हट्टाने का लिहीत होती, तेही आता तिला कळलं. कोर्टाने जबरदस्ती केली तर तिला काही ठरवावंच लागणार नव्हतं. स्वतःची अशी चोरी पकडल्यावर तिला फार लाज वाटली.

मग मात्र ती इरेला पेटली. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना करारच करार. परीक्षेच्या आदल्या दिवशी गावातल्या वकिलाकडे जाऊन एक काम उरकून आली, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

परीक्षेला ड्वाइटच तिला आपल्या पिकअप ट्रकने घेऊन गेला. तो प्रश्न आला. व्हर्नाने ‘नाही’वर खूण केली आणि पुढे गेली. निकाल तिथेच लगेच मिळायचा; बाहेर आली ती पास होऊन.

ड्वाइट खूश. "म्हणजे ताई, आता तरी पटलं ना, तू मोकळी आहेस?"

"पटलं. म्हणून तर आधी मिस्टीकडे चल."

ट्रेलरच्या दारातून मिस्टी ओल्या हातांनी बाहेर आली. लेक्सिंग्टनवाल्याची बातमी तिच्यापर्यंत कधीच पोचली होती. व्हर्नाकडे न बघता ती म्हणाली, "व्हर्नाबाई, तुम्ही कशाला आलात ते कळलं मला. आमच्याकडे कुठे काही लिहिलेलं आहे?"

व्हर्नाने पिशवीतून करार काढला. सगळं ठरल्याप्रमाणे होतं, किंमतसुद्धा. मिस्टीने तो दोनदा वाचला. "पण बँकेचं अजून यायचंय."

"कर्ज मिळालं तरच, अशी अट घातलीय त्यात."

"मग आजच कशाला? इतकी काय घाई?"

"घाई मला आहे, पोरी. मी अजून मोकळी आहे, आणि मला माझा भरवसा नाही."

तिने ड्वाइटपुढे हात केला. तो पुटपुटला, पण पेन दिलं. व्हर्नाने ट्रकच्या बॉनेटवर कागद दाबून धरला आणि आधी स्वतःची सही केली.