खिशातलं अक्षर

डोळे मिटा आणि समजा, तुम्हाला एका गार टेबलावर उताणं झोपवलंय. नाक खाजतंय, पण हलायचं नाही. तुमच्या कपड्यांवर, हातांवर, गालांवर निळ्या खडूची पूड भुरभुरलेली आहे. जो कोणी तुम्हाला हात लावेल, त्याच्या हाताला ती लागणार. जमतंय का पडून राहायला? आमच्या गोष्टीतल्या मुलीला हे एका आठवड्यात तीनदा करावं लागलं, आणि ती तर दोन मिनिटं एका जागी टिकत नसे. म्हणून तर घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत.

भिंगरी नऊ वर्षांची. तिची आई इस्पितळात अठरा वर्षं एक्स-रे काढत होती. दूरच्या शहरांत एक नवा ताप पसरत होता. तो श्वासातून लागायचा आणि छातीत उतरायचा. छातीत किती उतरला ते बघायला एक्स-रे हवा. म्हणजे तापाचे रुग्ण आईच्याच खोलीत येणार, आणि हातपाय मोडलेलेही तिथेच. एकाचा ताप दुसऱ्याला लागू द्यायचा नाही, हे आईला जमवायचं होतं.

इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "शनिवारपर्यंत तीन तालमी करा. निळी पूड म्हणजे ताप समजा. तिसऱ्या तालमीतही ती स्वच्छ बाजूला सापडली, तर हा विभाग फक्त तापवाल्यांचा. बाकीच्यांना नदीपलीकडे पाठवू."

नदीपलीकडचं इस्पितळ दोन तासांवर होतं. गेल्या वर्षी झाडावरून पडून भिंगरीचा हात मोडला, तेव्हा आईने दहा मिनिटांत फोटो काढला होता. ती दहा मिनिटंही तिला सरता सरली नव्हती. दोन तास तसा लोंबता हात घेऊन गाडीत बसायचं? म्हणून तालमीला खोटा रुग्ण हवा म्हटल्यावर तीच पुढे झाली.

"मशीन बंद राहील, तरच," आई म्हणाली.

आईने तयारी कसून केली. खोलीचं मागचं दार एका जुन्या कपाटाने अडवलं होतं. ते कपाट हलवलं. आता रुग्ण पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. मग तिने आपल्या हाताखालच्या मदतनिसाला, सगळे ज्याला दादा म्हणत त्याला, समोर उभं केलं.

"पेशंटला हात मी लावणार, मशीनला तू. माझा हात मशीनला नाही, तुझा पेशंटला नाही."

"आणि ताई, नाक खाजलं तर?"

"खाजू दे."

पहिल्या तालमीत टेबलावरून उतरताना भिंगरी घसरली आणि दादाने तिला झटकन सावरलं. मग त्याचं नाक खाजलं. तालीम संपली तेव्हा त्याचं नाक निळंशार झालं होतं, आणि दिवसभर सगळे त्याला मोर म्हणत होते.

दुसऱ्या तालमीत कोणी काहीच चुकलं नाही. आईने वरचा झगा आणि हातमोजे नीट उतरवले, कोपरापर्यंत हात धुतले, मगच ती शेजारच्या स्वच्छ खोलीत आली. तरी थोड्या वेळाने तिथल्या फोनवर निळं दिसलं. दाराच्या मुठीवर निळं. आईच्या चहाच्या कपावरही निळं.

"पूड काय पंख लावून आली?" दादा म्हणाला.

त्या संध्याकाळी आईने जेवणाचं ताट पुढ्यात घेतलं आणि कागदावर लिहिलेल्या सतरा पायऱ्या पुन्हा वाचल्या. एकही सुटली नव्हती. घास तसाच हातात राहिला.

"आई," भिंगरी म्हणाली, "तू खिशातून काय काढत होतीस?"

"कधी?"

"मी झोपले होते तेव्हा. झग्याची कड वर केलीस, कोटाच्या खिशातून काहीतरी काढलंस, मग परत ठेवलंस."

"छे. मी खिशाला हातच लावला नाही."

"लावलास. मला वर बघायचा कंटाळा आला, म्हणून मी नुसते तुझे हात बघत होते."

आई उठली. पिशवीतून कोट काढून तिने खिसा उलटा केला. अस्तर निळं, आणि आत शिशाचं एक छोटं अक्षर, तेही निळं. प्रत्येक फोटोत असं अक्षर ठेवावं लागतं, बाजू डावी की उजवी ते कळायला. नाहीतर डॉक्टर धडधाकट पायालाच प्लास्टर घालायचे. एक्स-रेवाले आपापली अक्षरं आपापल्या खिशात बाळगतात. आईचा हात ते न विचारता काढायचा, न विचारता ठेवायचा. काम संपलं की खिशात त्याच्याशी चाळाही करायचा, अगदी हात धुतल्यावरसुद्धा.

आई कपाळाला हात लावून हसली. "शेजारी चोर शोधत होते, आणि चोर माझ्याच घरात. फोटोच्या प्लेटवर आपण प्लास्टिकची पिशवी चढवतो ना, आता अक्षर आधीच तिच्यात घालून ठेवू. आणि खिशावर लक्ष ठेवीन मी."

"तू ठेवशील गं. पण हात ऐकेल का?"

आईने हाताकडे पाहिलं. मग सुईदोऱ्याचा डबा लेकीपुढे सरकवला.

शनिवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. अक्षर पिशवीत तयार होतं. दादाने हात मागे बांधल्यागत मशीनपाशी उभं राहून दाखवलं. भिंगरीचं नाक खाजलं, डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. मागच्या दाराने बाहेर पडून ती न्हाणीघरात गेली. आई हात धुऊन स्वच्छ खोलीत आली. सवयीने तिचा हात खिशाकडे गेला, टाक्यांना अडला आणि मुकाट परत आला.

बाईंनी ओला पांढरा कापूस घेतला. फोन पुसला, मूठ पुसली, कप पुसला, दादाचं नाकही पुसलं. कापूस उजेडात धरला. पांढराशुभ्र.

"विभाग चालू राहील," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसाठी."

दादाने टाळी वाजवली, मग आईने, मग दारातल्या सगळ्यांनी. बाहेर बाकावर पाय सुजलेला एक मुलगा आजोबांना टेकून बसला होता. आईने टेबल धुऊन-पुसून त्याला हाक मारली, आणि दहा मिनिटांत त्याचा फोटो तयार झाला.

बाई मात्र आईने काढून खुंटीला अडकवलेल्या कोटाकडे बघत होत्या. "हे टाके कोणाचे? वाकडे आहेत."

"पण घट्ट आहेत," न्हाऊन आलेली भिंगरी म्हणाली.

"विभागात असे अजून नऊ कोट आहेत."

भिंगरीने पुन्हा एकदा साबण घेतला, वीसपर्यंत मोजत कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले. मग खुर्चीवर मांडी घालून सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "दादा, काढ तुझा कोट."