दुपारी बंद पडणारी गाडी

सोसायटीची बॅटरीवरची गाडी रोज दुपारी चढावर मान टाकायची, आणि त्याचं खापर कामवाल्या बायकांवर फोडलं ते किशोरनेच. तो समितीचा सचिव होता. मुख्य फाटकापासून मागच्या इमारतींपर्यंतची वाट लांब आणि चढाची. म्हाताऱ्या माणसांची सोय म्हणून गोल्फच्या मैदानावर असते तसली उघडी गाडी घेतली होती. "सकाळी बायका अक्षरशः लटकतात तिला, बॅटरी टिकणार कशी?" असं तो बैठकीत म्हणाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि फाटकावर पाटी लागली: गाडी फक्त रहिवाशांसाठी.

बायका पायी जाऊ लागल्या. त्यांत किशोरच्याच घरी स्वयंपाक करणारी सुलभाही होती. बीदरकडची, मराठी बोलणारी, गुडघ्यांनी अधू. आत आली की भिंतीला हात टेकून ती जराशी थांबायची, मग ओट्याकडे वळायची. किशोरला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही.

गाडी मात्र बंद पडायची ती पडतच राहिली.

शेवटी आबिड्सच्या बाजारातला बॅटरीवाला विक्रम येऊन गेला. त्याने सीट उचलून आतल्या सगळ्या बॅटऱ्या तपासल्या.

"जुन्या झाल्यात, पण अगदीच गेलेल्या नाहीत," तो म्हणाला. "दोन रस्ते आहेत साहेब. अशाच ॲसिडच्या नव्या घ्या. स्वस्त पडतील, पण चार्ज निम्म्याच्या खाली उतरवला की लवकर मरतात, शिवाय पाणी घालत बसा. नाहीतर लिथियमची एकच घ्या. वजनाला हलकी, चढावर बरी, जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. चार्जर तेवढा नवा लागेल."

"लिथियमच घेऊ. मोठ्यात मोठी."

"मोठी म्हणजे केवढी? गाडी दिवसभरात फिरते किती, ते आधी सांगा. तुम्ही म्हणता बायका बंद केल्या. मग हिला एवढं पळवतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी किशोरने घरूनच काम घेतलं आणि जेवण झाल्यावर खाली येऊन उभा राहिला. गाडी आली. मागच्या सीटवर, मागे तोंड करून, एकच माणूस बसला होता. नामदेवराव. किशोरचे वडील.

किशोरची समजूत अशी, की बाबा दुपारी आपल्या खोलीत झोपलेले असतात.

"बाबा, कुठं निघालात?"

"कुठं नाही. उगं बसायलो."

ड्रायव्हर यादगिरी मान वळवून कौतुकाने म्हणाला, "बाबाजी का रोज का है साब. खाने के बाद से चाय तक. ऊपर-नीचे, ऊपर-नीचे."

किशोर त्यांच्याशेजारी बसला. गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर नामदेवराव आपणहून बोलू लागले. "विद्यानगरच्या जुन्या घरी दारात खुर्ची टाकली की गल्लीतलं येणारं-जाणारं बोलून जायचं. इथं दारं बंद. या गाडीत दुपारच्या कामाला येणाऱ्या बाया बसायच्या. सुलभा नातवाच्या खोड्या सांगायची, हसायला यायचं. आता कुणी नसतंय. सवय लागली, म्हणून बसतो."

"मग मला सांगायचं तरी! मी त्या बायकांना..."

"माझ्या फेऱ्यांनी बॅटरी उतरायली, ठाऊक होतं मला." नामदेवराव आपल्या चपलांकडे बघत राहिले. "पाटी लागली तवाच समजलं. सुलभा चढ चढायली अन् मी बसून चाललो. तिनं हात केला, तर मी तोंड फिरवलं. म्हणलं, तू सचिव. माझ्यापायी तुझी नाचक्की नको."

चढाच्या मध्यावर गाडीचा वेग मंदावला आणि ती थांबली. दोघे उतरून चालू लागले. किशोरने घरी पोचेपर्यंत वडिलांचा दंड धरून ठेवला.

रविवारच्या बैठकीत त्याने लिथियमचा प्रस्ताव मांडला. दुपारच्या फेऱ्या धरून, थोडा वाव ठेवून, केवढी बॅटरी लागेल हे त्याने नीट समजावलं. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात समितीतल्या माधवीताईंनी विचारलं, "पण बायका बंद केल्यावरही बॅटरी का संपायची?"

"एक... ज्येष्ठ रहिवासी आहेत," किशोर म्हणाला. "दुपारी जरा जास्त फिरतात. नाव घ्यायला नको."

हशा पिकला. "कौन है वो बुड्ढा?" कुणीतरी ओरडलं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. नामदेवराव उभे राहिले. "वो बुड्ढा मैंइच हूं," ते म्हणाले. "सेक्रेटरी का बाप."

हसू जागच्या जागी विरलं. किशोरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नाव त्याच्या जिभेवर होतं. त्यानेच ते गिळलं होतं, आणि ते काढायला म्हाताऱ्याला उठावं लागलं.

"पाटी माझ्या सांगण्यावरून लागली," तो खाली बघत म्हणाला. "चूक माझी. बायकांचा काही दोष नव्हता."

"जरा मोठ्याने, ऐकू येत नाही," मागून आवाज आला.

त्याला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं.

नवी बॅटरी बसली, पाटी निघाली. गाडी आता संध्याकाळपर्यंत न थांबता चालायची. पहिल्याच सकाळी किशोर फाटकावर गेला. माफी मागायची असं रात्रीच ठरवलं होतं. सुलभा आत आली, पदराने मान पुसली आणि साहेबांना बघून थबकली.

"गाडीत बसा," किशोर म्हणाला. "आता सगळ्यांना परवानगी आहे. बॅटरी लिथियमची घेतलीय. चढावर थांबत नाही. चार्जिंगही लवकर होतं." आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येत होतं, पण जीभ दुसरीकडे वळेना.

"चांगलं केलंत साहेब," सुलभा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "पर मी जाते आपली चालत. सवय झाली."

आणि ती चढाला लागली. दोघी-तिघी जणी गाडीत चढल्या, यादगिरीने गाडी सोडली, आणि वाटेच्या कडेने एकेक पाऊल टाकत जाणारी सुलभा वळणापर्यंत किशोरला दिसत राहिली. ऑफिसला उशीर होत होता, तरी त्याचा पाय तिथून निघेना.