केसाळ डॉट कॉम

टोपवाल्यांचं खरं नाव त्यांना स्वतःलाही क्वचितच आठवे. नाटकातल्या नटांसाठी आणि टक्कल पडलेल्या सभ्य गृहस्थांसाठी केसांचे टोप विणायचे, हा त्यांचा धंदा. त्यामुळे गल्लीत, नाट्यगृहात, फोनवर ते टोपवालेच होते. इंटरनेटवर मात्र त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि हे त्यांच्या भाचीच्या जिवाला लागलं होतं. भाची वेबसाइटी सांभाळणाऱ्या एका ऑफिसात होती.

"मामा, लोकांच्या ओसरीवर किती दिवस पथारी पसरणार? ही फुकटची ईमेलवाली कंपनी उद्या गाशा गुंडाळून गेली की तू कोण? स्वतःचं डोमेन घे. पत्ता तुझा, नाव तुझं. कुठेही लॉगिन केलंस तरी तू तूच."

टोपवाल्यांनी धंद्याला शोभेल असं नाव सुचवलं, केसाळ डॉट कॉम. नवल म्हणजे ते जगात कुणीच घेतलेलं नव्हतं. भाचीने मेल, फोन, केसांच्या व्यापाऱ्याकडचं खातं, नाट्यगृहाच्या ऑर्डरी, सगळं त्या एका नावाला आणून बांधलं. मामा खूश. नटाच्या कपाळाला टोप चिकटवता चिकटवता "आता मी डॉट कॉम आहे" असं सांगू लागले.

पुढे कधीतरी मेल यायला लागले : 'आपलं नाव लवकरच संपुष्टात येत आहे.' टोपवाल्यांना ही भाषा आवडली नाही. विमावाले असणार, असं ठरवून ते मेल पुसत गेले. 'शेवटची संधी' असं आलं तेव्हा त्यांनी स्वतःची नाडी पाहिली. ती चालू होती. मग तोही मेल उडवला.

त्यानंतर मेल येणंच थांबलं. काय शांतता आहे, म्हणत ते टोप विणत बसले.

ती शांतता ताईच्या फोनने मोडली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, भाचीची आई. ती दुसऱ्या गावी राहायची आणि दर रविवारी भावाला लांबलचक मेल लिहायची. भाऊ 'बरं. काळजी घे.' असं उत्तर द्यायचा, बहुधा न वाचताच.

"आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोललास बघ," ताई म्हणाली.

"मी?"

"अरे, ह्यांचं नव्हतं का लिहिलं? केस गळतात, जेवत नाहीत, दिवसभर दाराशी बसतात, आल्यागेल्यावर गुरगुरतात. तू लिहिलंस, सकाळ-संध्याकाळ फिरायला न्या, गोड बंद करा, शहाण्यासारखं वागले की लगेच कौतुक करा आणि कानामागे खाजवा. काय गुण आलाय म्हणून सांगू. काल तर स्वतःहून चपला घेऊन माझ्यासमोर उभे राहिले."

टोपवाले तडक भाचीकडे गेले. तिने संगणकावर केसाळ डॉट कॉम उघडलं. पडद्यावर एक पांढराशुभ्र कुत्रा, अंगभर साबणाचा फेस. खाली लिहिलं होतं : आंघोळ, विंचरणं, नखं.

"तू पैसे भरून रिन्यू केलं नाहीस, मामा. नाव सुटलं आणि या कुत्र्यांच्या पार्लरने उचललं. तुझे मेल आता तिकडेच जातात." ती गंभीरपणे बोलायची पराकाष्ठा करत होती. "पण बाबांना कानामागे..." पुढचं तिला बोलवेना. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि तिचे खांदे हलू लागले.

हसू आवरल्यावर तिने मामाची एकेक खाती उघडायला घेतली. सगळीकडे तेच : तुम्ही तुम्हीच आहात हे पडताळण्यासाठी तुमच्या मेलवर कोड पाठवला आहे. म्हणजे टोपवाले कोण, हे आता पार्लरवाल्या बाई ठरवणार होत्या.

त्यांनी बाईंना फोन लावला. मागे भुंकाभुंकी चालू होती.

"तुमचे मेल होते होय," बाई म्हणाल्या. "परवा कुणीतरी लिहिलं, 'राजासाठी कुरळे, खांद्यापर्यंत.' मी म्हटलं, राजाला घेऊन या. तर एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले."

"मग काय केलंत?"

"शांपू. खूश होऊन गेले. आणि त्या दाराशी बसणाऱ्या कुत्र्याच्या ताई, काय सुरेख लिहितात हो. मी रविवारची वाट बघते."

"तो कुत्रा नाही. माझे मेहुणे आहेत."

"जंताचं औषध लिहिणार होते. राहून गेलं, बरं झालं."

टोपवाल्यांनी कोड मागितला.

"असा कसा देऊ? उद्या कुणीही उठून म्हणेल, मीच तो. भाऊ आहात ना? मग सांगा, ताईंचा कोणता गुडघा दुखतो?"

"डावा."

"उजवा. परसात काय लावलंय?"

"गुलाब?"

"भोपळा. अबोला कुणाशी आहे?"

"माझ्याशी?" टोपवाल्यांनी चाचरत विचारलं.

"शेजारणीशी. राग मानू नका, पण सध्या तुमच्यापेक्षा मीच जास्त तुम्ही आहे."

टोपवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी ताईला फोन केला आणि कधी नव्हे ते मध्येच 'बरं बरं' न म्हणता सगळं ऐकून घेतलं. गुडघा, भोपळा, शेजारणीने मागून नेलेली आणि परत न केलेली शिडी. ताईला शंका आली. "तुझी तब्येत बरी आहे ना?" तिने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी टोपवाल्यांनी पार्लरमध्ये जाऊन बाईंनी विचारलेलं सगळं धडाधड सांगितलं, वर शिडीची उंचीही सांगितली. बाईंनी कोड दिले. नाव मात्र सोडायला तयार नव्हत्या, पाटी रंगवून झाली होती. शेवटी भाचीने मध्यस्थी केली आणि मामाला पुढे एक टिंब जोडून पोटभाडेकरू केलं : टोप डॉट केसाळ डॉट कॉम. मामा थोडे फुरंगटले. टिंबाच्या अलीकडे राहायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात बाई आतून एका म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आल्या. त्याच्या माथ्यावर चांगलं तळहाताएवढं टक्कल होतं आणि त्याला बाकीचे कुत्रे हसतात, असं त्याच्या मालकिणीचं ठाम मत होतं.

टोपवाल्यांनी खिशातून टेप काढली आणि डोकं मापायला घेतलं. गिऱ्हाईक जराही हललं नाही. इतकं समजूतदार डोकं त्यांना अख्ख्या नाट्यसृष्टीत भेटलं नव्हतं.

"भांग कुठल्या बाजूने?" त्यांनी अदबीने विचारलं.