शंभर पेशींची मोजणी

टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लुकलुकत होता, पण सारख्या अंतराने नाही. मोजणीताईंनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं. कधी दोन सेकंदांनी, कधी सात, मग एकदम चार वेळा. त्यात क्रम असलाच तर तो त्यांना सापडला नाही.

"हा असा का लुकलुकतो?"

"मेमरी कार्ड वाचतंय," तो बसवायला आलेला जोडणीवाला म्हणाला. "म्हणजे, बहुतेक. खरं सांगू का ताई? मी वीस वर्षं प्रिंटर दुरुस्त केले. आता कंपनीने हे हातात दिलंय. कागदावर लिहिलंय तसं करत जातो."

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये ताई सव्वीस वर्षं एकच काम करत होत्या. काचेवर पसरलेल्या थेंबात पांढऱ्या पेशी शोधायच्या, प्रकारानुसार मोजायच्या, शंभर भरल्या की थांबायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. आता ती मोजणी हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर करणार होता आणि डॉक्टर फक्त सही करणार होते.

सकाळपासून त्याचं काही ना काही बिनसत होतं. आधी चार्जर कमी ताकदीचा निघाला. मग कार्डावर जागा पुरेना. सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा चढवताना बोर्ड इतका तापला की जोडणीवाल्याने तो काचांच्या दोन रिकाम्या पेट्यांवर टेकवला, खालून वारा लागावा म्हणून. शेवटी कंपनीने पाठवलेली नमुन्याची चित्रं त्याने दाखवली आणि बोर्डाने सगळ्या पेशी अचूक ओळखल्या. ताईंनी पडद्याला नाक लावून दोनदा पडताळून पाहिलं. एकही चूक नव्हती.

मग मायक्रोस्कोपच्या वरच्या जादा नळीवर कॅमेरा बसवून खरी काच लावली. पडद्यावर उत्तर आलं, शून्य. दुसरी काच, शून्य.

"पेशींना दिलेला तुमचा रंग फिका आहे का हो?"

"रंग मी स्वतः करते," ताई म्हणाल्या. "फिका नसतो."

"मग याला झालंय काय? ऑफिसात तर पोपटासारखं बोलत होतं." तो फोन घेऊन बाहेरच्या जिन्यात गेला.

तेवढ्यात ताईंचाही फोन वाजला. नणंद होती. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच सोबत आली होती. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, गेलेली नजर परत येणार नाही, हे ऐकणारी घरातली ती एकटीच.

"वहिनी, लॅबमध्ये सांगितलंस का?"

"आज इथे गडबड आहे गं. कॉम्प्युटर बसवतायत."

"गेल्या खेपेला ऑडिट होतं. त्याआधी डॉक्टरांना ताप. तू काय मुहूर्त काढून घेतेयस का?"

"ठेवते."

फोन ठेवून त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. नमुन्याच्या चित्रात पेशी जांभळ्या होत्या. इथल्या काचेच्या चित्रात सगळं पांढुरकं, धुऊन निघाल्यासारखं. कॅमेरा नीट बसलेला, काचही नीट. मग त्यांचा हात आपोआप मायक्रोस्कोपच्या दिव्याच्या बटणाकडे गेला. ते नऊवर होतं. बाकी सगळे चारवर ठेवतात. आपण पाचवर कधी गेलो, सातवर कधी, हे त्यांना आठवेना.

त्यांनी बटण चारवर आणलं. पडद्यावर जांभळे ठिपके उमटले, बोर्डाने भराभर चौकोन काढले आणि शंभरपर्यंत मोजून तो थांबला. ताईंनी भिंगाला डोळा लावला. मधोमध एक मातकट डाग, कडेला काहीतरी हलकंसं. एवढंच. त्यांनी बटण परत नऊवर नेलं. पडद्यावर शून्य आलं.

आपल्याला नक्की काय वाटतंय, हेच त्यांना कळेना. यंत्र खोटं ठरावं असं सकाळी वाटत होतं खरं. आता ते खोटं ठरत होतं, ते त्यांच्याच हाताने.

जोडणीवाला डॉक्टरांनाच सोबत घेऊन आला. "कंपनी म्हणते, परत आणा. नापास झालं. साहेब, परतीच्या कागदावर इथे सही करा. ताई, तुम्हाला काही याने हरवलं नाही बघा."

"मी म्हटलंच होतं," डॉक्टर पेनाचं टोपण काढत हसले. "आमच्या ताईंची नजर कुठल्या डबीत मावायची नाही."

"सही नका करू, डॉक्टर."

पेन थांबलं. ताईंनी बटण चारवर फिरवलं. पडद्यावर आकडे चढू लागले. डॉक्टरांनी आकड्यांकडे पाहिलं, मग बटणाकडे, मग ताईंकडे.

"हे काय? दिवा कुणी वाढवला होता?"

"मीच. त्याशिवाय मला दिसत नाही." स्टूल मागे सारून त्या उभ्या राहिल्या. "उद्यापासून काचा मी बघणार नाही. आणि मार्चपासूनच्या माझ्या सगळ्या काचा कपाटात आहेत, त्या दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा मोजून घ्या."