आत कोण बसलंय?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चादरींच्या एका गिरणीत १९७९ साली युनिक्सवर चालणारा संगणक आला, आणि तो सांभाळणाऱ्या ईरप्पाचं लग्न लांबणीवर पडू लागलं. दोनदा मुलगी बघायला जायचं ठरलं, दोन्ही वेळी यंत्र बिघडलं. आज अक्कलकोटला जायचं होतं. हीही सोयरीक हुकली तर आई त्याला घरात घेणार नव्हती.

निघण्याआधी एकच काम उरलं होतं. विक्रीच्या हिशेबाची परातीएवढी डिस्क यंत्रातून उतरवून कपाटात ठेवायची. पण ती नुसती ओढून काढायची नसते, आधी यंत्राला तसं सांगावं लागतं. ईरप्पाने सांगितलं. यंत्राने कळवलं, डिस्क वापरात आहे. म्हणजे कुणाचं तरी टर्मिनल, पडदा नि कळफलक, अजून तिच्यातच उघडं होतं; यंत्राच्या लेखी तो माणूस तिच्यावर मुक्काम ठोकून होता.

दुसरं टर्मिनल मॅनेजर गुरुबसप्पांच्या खोलीत होतं. ईरप्पा तिकडे धावला. साहेब टर्मिनलपुढे उदबत्ती लावून बसले होते.

"साहेब, त्या डिस्कमधनं भाईर या की!"

"दिवेलागणीला? विक्री हाय ती. या येळंला लक्ष्मी येती, आन् मी दार लावून घिऊ व्हय?"

ईरप्पाने कपाळावर हात मारला. वाद घालत बसलं तर एसटी जाणार होती.

"दार नका लावू. नुसतं यंत्राच्या सोताच्या डिस्कवर जाऊन बसा. माजघरातनं सोप्यात आल्यागत."

हे साहेबांना पटलं. ईरप्पाने सांगितलेली अक्षरं त्यांनी एका बोटाने दाबली. ईरप्पा परत पळाला. यंत्राचं आपलं तेच, डिस्क वापरात आहे.

"साहेब, तुमी अजून आतच हायसा!" तो ओरडला.

साहेब तणतणत आले आणि ईरप्पाच्या टर्मिनलकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् तू कुटं बसलायस रं?"

ईरप्पाने पाहिलं. सकाळपासून तो स्वतःच त्या डिस्कवर ठाण मांडून होता. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. तीच अक्षरं दाबून तो तिथून हलला, तशी यंत्राने मुकाट्याने डिस्क सोडली. एसटी मात्र गेली होती.

शेवटी साहेबांनीच स्कूटर काढली. अक्कलकोटला मुलीच्या आईला, कमलम्मांना, त्यांनी उशिराचं कारण तिखटमीठ लावून सांगितलं. "पोरगं गुणाचं हाय हो. पण एकदा बसलं, की त्येचं त्येलाच उठायचं कळत न्हाई."

झालं, हीही गेली, असं वाटून ईरप्पाने मान खाली घातली.

"थोरला जावई ट्रकवर हाय," कमलम्मा म्हणाल्या, "वर्सात दोनदा तोंड दावतो. ह्यो बसू दे की."

आणि गुरम्माने, म्हणजे मुलीने, हसू दाबत ईरप्पापुढे पाट सरकवला.