नऊ दारांची हँडलं

घराच्या डागडुजीच्या तिसऱ्या महिन्यात मी दादाशी भांडणंही सोडून दिलं, यावरून मी किती थकले होते ते समजा.

सुरुवातीला रोज जुंपायची. छताच्या कौलांवरून, भिंतीतल्या ओलीवरून, सिमेंटमध्ये वाळू किती घालायची यावरून. दादा प्रत्येक गोष्ट तीनतीनदा मोजायचा आणि मग म्हणायचा, "उद्या करू." मी बोलले की म्हणायचा, "झाली फौजदार सुरू." आता संध्याकाळी दोघंही मागच्या पायरीवर गोण्यांसारखे पडून असायचो. केसांत चुना, नखांत चुना, चहालासुद्धा चुन्याचीच चव. कोण चुकलं हे ठरवायला लागतं तेवढं त्राणही कुणात उरलं नव्हतं.

घर आईबाबांचं. बाबा नोकरीसाठी या परक्या मुलखात आले, आणि कारखाना बंद पडल्यावर परत न जाता या आडगावात घर घेऊन राहिले. आम्ही दोघं इथेच वाढलो आणि संधी मिळताच शहरात पळालो. गेल्या वर्षी बाबा गेले. त्याच हिवाळ्यात छत गळायला लागलं, म्हणून दादाने आईला आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे आई खुर्चीत बसायला लागली. सकाळी बसली की संध्याकाळी उठायची. वहिनी बिचारी सगळं हातात आणून द्यायची. आई फोनवर मला दरवेळी एकच सांगायची, "मला घरी सोडा गं."

दादाला घर विकायचं होतं. शेजारचा फळबागवाला कधीचा मागे लागला होता. माझा जीव मात्र त्या खुर्चीपाशी अडकला होता. शेवटी आमचं ठरलं ते असं: घर राहण्याजोगं करायचं, आईला आणायचं आणि आठ दिवस आम्ही दोघांनी तिच्यासोबत राहायचं. तिला आपलं आपण वावरायला जमलं तर ती इथेच राहील. नाही जमलं तर बागवाल्याला हो म्हणायचं आणि आईने परत खुर्चीत जायचं. त्यासाठी मी छापखान्यातून बिनपगारी रजा काढली होती.

छापखान्यात मी प्रूफं वाचते. सव्वीस वर्षं झाली. दोन शब्दांमधली जागा जरा कमीजास्त झाली तरी मला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. आणि बाबांचं घर म्हणजे चुकांनी भरलेलं पान. त्यात सगळ्यात डोक्यात जायची ती दारांची हँडलं. घराला दारं नऊ आणि तऱ्हाही नऊ. न्हाणीघराच्या दाराला चक्क जुन्या नळाची चक्री. स्वयंपाकघराला वाकवलेली पळी. पुढच्या दाराला पितळेचा मासा, माझ्या खोलीला चिनी मातीचा गट्टू, दादाच्या खोलीला त्याच्या मोडक्या सायकलची रबरी मूठ. तळघराच्या दाराला लोखंडी दांडी आणि तिच्यावर काथ्या असा गच्च गुंडाळलेला, की हात लावला तर टोचावा. सुट्टीत आलो की आम्ही बाबांना यावरून सळो की पळो करायचो. "एकसारखी मिळाली नाहीत," एवढंच ते म्हणायचे आणि हसायचे.

आणि माळा आवरताना मला एक पत्र्याचा डबा सापडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नऊ हँडलं होती. सगळी एका मापाची, सुबक, तेल लावून ठेवलेली. घराची मूळची. लहानपणापासून पाहिलेली, पण मी पार विसरून गेले होते.

"दादा, ही बघ! घरातच होती. बाबांना सापडली नसतील."

"बाबांना डोक्यावरचा चष्मा सापडायचा नाही," दादा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती हँडलं काढून, पुसून, तेल लावून कुणी ठेवली असतील, असं काही आमच्या मनात आलं नाही.

आईला एक फोन करून विचारता आलं असतं. पण आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही. विचारणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं, असा आमचा पिढीजात समज. आईला ताप असला तरी ती "बरी आहे" म्हणणार. बाबांच्या छातीत दुखत होतं तेव्हाही ते "गॅस झालाय" म्हणाले, आणि आम्ही तेही मान्य केलं. आईच्या डोळ्यांचंही तसंच. "वयामुळे जरा कमी दिसतं," असं ती म्हणाली होती. ते 'जरा' म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही.

डब्यातली हँडलं आम्ही दारांना बसवली आणि बाबांची ती नऊ तऱ्हेची बादलीत भरून मी मिस्त्रीला दिली. हा गावातला मिस्त्री तीन महिने आमच्यासोबत राबत होता आणि कशालाही "बघू" म्हणायचा. छत कधी होईल? बघू. पाऊस आत येईल का? बघू. आम्ही त्याचं नावच बघूशेठ ठेवलं होतं.

"मिस्त्री, हे सगळं राड्यारोड्याबरोबर टाकून द्या."

त्याने बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टाकायचं? बघू."

आई दुपारी आली. पुढच्या दाराशी तिने हात पुढे केला, हँडलवर ठेवला आणि तशीच थांबली.

"नवीन आहे?"

"जुनंच गं. मूळचं! सगळ्या दारांना एकसारखं बसवलंय."

"अस्सं," ती म्हणाली. "छान आहे."

मी तिला घरभर फिरवलं. छान आहे, ती म्हणाली. नव्या फरशा छान आहेत, भिंती छान आहेत. मी कौतुकाची वाट बघत होते, हे कबूल करायला आता लाज वाटते. ती माझ्या दंडाला धरून चालत होती. मला वाटलं, माया आलीय. फिरून झाल्यावर तिने विचारलं, "खुर्ची कुठेय?" आणि बसली.

दोन दिवस ती खुर्चीतच होती. "प्रवासाने दमलेय," म्हणायची. कुठे जायचं झालं की मला हाक मारायची, "जरा येतेस का गं सोबत? नवीन फरशी आहे, घसरेन." दादा माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की मी अर्ध्या ताटावरून उठायचे. तीन महिने मरमर मरून आम्ही तीच खुर्ची इथे आणून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बोळातून आधी धपकन आवाज आला आणि मग काहीतरी खाली गडगडत गेलं. धावत गेले तर तळघराचं दार सताड उघडं, आणि आई आत तिसऱ्या पायरीवर बसलेली, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. कोपर सोललं होतं. एक चप्पल पार खाली तळघरात पडली होती.

"काही नाही, काही नाही," ती म्हणत होती. "पाय घसरला."

आम्ही तिला वर आणून बसवलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बास झालं," तो म्हणाला. "आज कठडा हाताला लागला म्हणून वाचली. आई, तुला नाही जमणार इथे. मी आजच बागवाल्याला निरोप देतो."

मी कापूस घेऊन तिचं कोपर पुसत बसले. मध्येच आई म्हणाली, "चक्री कुठे गेली रे?"

"कसली चक्री?"

"न्हाणीघराची. शेजारीशेजारी दारं ना ती दोन्ही. मी एकाला हात लावला, चक्री लागेना. दुसऱ्याला लावला, तेही तसलंच गुळगुळीत. मग म्हटलं, हेच असेल."

"अगं, पण दार दिसलं नाही तुला?"

"बोळात अंधार होता गं."

मी दादाकडे पाहिलं, दादाने बोळाकडे. खिडकीतून आलेलं ऊन बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख पडलं होतं.

दादा उठला. माळ्यावरून तो पत्र्याचा डबा घेऊन आला. हँडलं गुंडाळलेले कागद अजून त्यात होते. एक उलगडून त्याने वरची तारीख पाहिली आणि मला दाखवली. नऊ वर्षांपूर्वीची. त्याच वर्षी आईने शिवणयंत्र देऊन टाकलं होतं. कंटाळा आला म्हणाली होती, आणि आम्हाला ते खरं वाटलं होतं.

"आई," दादाने विचारलं, "बाबांना सांगितलं होतंस तू? डोळ्यांचं?"

"छे! उगाच त्यांच्या जिवाला घोर. मी कळूच दिलं नाही कधी. मग एक दिवस त्यांनाच काय लहर आली, हँडलं सैल झालीत म्हणाले, आणि एकेक भंगार आणून ठोकत बसले. मी म्हटलं, काय हे ध्यान! पण मला बरंच पडलं ते. हात लावला की कळायचं कुठली खोली. मनात म्हणायचे, देवानेच सोय केली."

"देवाने नाही गं," मी म्हटलं. "सगळी चांगली हँडलं बाबांनी काढून, तेल लावून डब्यात ठेवली होती. मीच ती परत बसवली."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," आई म्हणाली. आणि एकदम हसायला लागली. "अगं, आठ वर्षं मी त्या माणसासमोर रोज पेपर उघडून बसायचे. ते विचारायचे, काय म्हणतोय पेपर? मी म्हणायचे, नेहमीचंच." हसता हसता ती रडायला लागली, आणि तिला काय द्यावं हे न सुचून मी तिच्या हातात तो नऊ वर्षांपूर्वीचाच कागद दिला. तिने त्यालाच डोळे पुसले.

मी तशीच मिस्त्रीच्या घरी गेले. पाय ओढत गेले म्हणणं जास्त खरं. बादली त्याच्या छपराखाली होती. सगळी हँडलं धुऊन, पुसून नीट ठेवलेली.

"टाकली नाहीत तुम्ही?"

"बघू म्हटलं होतं ना," मिस्त्री म्हणाला. त्याने काथ्याची दांडी उचलली. "ही मीच वाकवून दिली होती तुमच्या वडलांना. काथ्या त्यांनी गुंडाळला. म्हणाले, या दाराला हात लावला की टोचलंच पाहिजे."

माझा संताप संताप झाला. "मग मी फेकायला दिली तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही घरात ठरवून काढली असतील. मला कुणी काही विचारलं नाही, ताई."

मी बादली उचलून घरी आणली.

खुर्ची बोळात नेली, आईला बसवलं आणि बादली तिच्यापुढे ठेवली. दादाने स्क्रू काढायला घेतले. नऊ दारं, दर दाराला चार स्क्रू, आणि हात आधीच कामातून गेलेले. आई बादलीत हात घालायची, एक वस्तू काढायची आणि न अडखळता सांगायची. "ही पळी, स्वयंपाकघर. हा मासा, पुढचं दार. ही तुझी सायकल." तळघराची दांडी हातात आली तेव्हा तिने तळवा काथ्यावरून उलटसुलट फिरवला आणि स्वतःच उठली. भिंतीला हात लावत त्या दारापर्यंत गेली आणि दांडी दादाच्या हातात दिली. आमच्यातल्या कुणीही तिचा दंड धरला नव्हता. दादाने ती बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. बागवाल्याचं नाव त्याने काढलं नाही.

माझ्या खोलीचा गट्टू आईच्या मांडीवर होता. तिच्या पायांशी फरशीवर बसून मी जन्मात पहिल्यांदा तिला सरळ विचारलं, "आई, तुला नेमकं किती दिसतं?"

तिने थोडा वेळ गट्टू हातात फिरवला. "खिडकी कळते. उजेड कळतो. समोरून कुणी गेलं तर सावली हलते."

"आणि मी?"

"बोलतेयस तोवर कळतंय. गप्प बसलीस की तू घरात आहेस का नाहीस, काही कळत नाही."

मग मी बोलत राहिले. कौलांबद्दल, वाळूबद्दल, मिस्त्रीच्या बघूबद्दल, दादाच्या तीनदा मोजण्याबद्दल, जे तोंडाला येईल ते. घसा कोरडा पडून मी थांबले तेव्हा सातव्या दाराचा स्क्रू पिळता पिळता, पाठ आमच्याकडे तशीच ठेवून, दादाने पुढे बोलायला सुरुवात केली.