ओळख देणाऱ्याची सही

डाव्या भुवईवर व्रण.

खिडकी क्रमांक दोन.

झुरळाचा एक पंख, पान अकरा आणि बाराच्या मध्ये.

"समक्ष हजर."

मित्रांनो, हे सगळे माझ्या पोटात आहे. मी एक जुनी फाईल आहे, एका सैनिकाच्या निवृत्तिवेतनाची.

जाड पुठ्ठा, दोन भोके, एक लाल फीत, एवढाच माझा जन्म. पाठीवर वळणदार अक्षरात क्रमांक घालणाऱ्या कारकुनाला साहेब म्हणाले, "अहो, लग्नपत्रिका लिहिताय का?" माझे तेवढेच कौतुक झाले.

निवृत्त सैनिकाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. माझा सैनिक दर नोव्हेंबरात आमच्या कचेरीच्या खिडकीशी येई आणि सही करी. खाली, त्याला ओळखणाऱ्या कुणाची तरी सही लागे. असे एकोणीस दाखले माझ्यात आहेत. विसावा आला नाही. माझ्यावर 'बंद' असा शिक्का बसला. मग मांडणीचा सर्वांत वरचा खण, गळके छत, पस्तीस वर्षे. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

एक दिवस दोन बहिणी आल्या. दोघींचे केस पांढरे. वडील लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत, असे आईने त्यांना सांगितले होते. आई गेल्या वर्षी वारली. तिच्या फोटोशेजारी वडिलांचा फोटो लावायचा होता, आणि खाली लिहायला तारीख हवी होती.

अभिलेख कक्षातल्या बाईंनी मला उघडले.

"लढाईत कुठले, मावशी? हे तर दर वर्षी इथे येत होते."

"दुसऱ्या कुणाची तरी फाईल असेल," थोरली म्हणाली.

"भुवईवर व्रण होता?" बाईंनी विचारले.

थोरलीचे बोट स्वतःच्या डाव्या भुवईवर गेले.

"ताई, खिडकी क्रमांक दोन म्हणजे आपल्या शाळेच्या वाटेवरची ना गं?" धाकटी म्हणाली. "म्हाताऱ्यांची रांग असायची. तू त्यांना वाळत घातलेले सदरे म्हणायचीस."

"गप्प बस गं."

बाईंनी दाखल्याचा खालचा भाग वाचला. "'मी या गृहस्थांना ओळखते. ते आज हयात आहेत.' नाते, परिचित. एकोणीसही वर्षं एकाच बाईंची सही आहे."

धाकटी वाकली. "हे अक्षर आईचं आहे. 'श'ची शेपटी बघ."

"म्हणजे घरी सांगायची गेले, आणि इथे लिहून द्यायची आहेत."

"असं का केलं असेल तिने?"

"आता कुणाला विचारणार? गेलो की तिचा फोटो उतरवते मी भिंतीवरून."

"अगं ताई..."

"उतरवते म्हटलं ना."

"झेरॉक्स काढू का?" बाईंनी विचारले.

"नको."

थोरलीने माझी फीत स्वतः बांधली. गाठ घट्ट बसली. मला काही वाटले नाही. दोघी जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, जुने कागद ओलीत ठेवू नका. ओलीने पाने चिकटतात, आणि घाईत दोन पाने एकच समजून उलटली जातात. कृपा करून हळू उलटा. एकेक पान सोडवा.

माझे पान तीन पान दोनला चिकटले आहे. त्यावर सैन्याच्या डॉक्टरांचा शेरा आहे : 'लहान मुलांच्या आवाजाने बिथरतो. हात उगारतो. मुले असलेल्या घरी पाठवू नये.'